चीनमध्ये जुनं उरलंय कुठे? शिआन, लुओयांग आणि आसपास

पायपीट

ऑक्टोबर २०२५ मध्ये चीनची थेट विमानं पुन्हा सुरू झाली आणि ओळखीपाळखीतले लोक चौकश्या करू लागले. प्रश्न फिरून फिरून एकच: "तिथलं सगळं नव्याने बांधलेलं आहे म्हणे, मग बघायचं काय?" प्रत्येकाला फोनवर तेच दळण ऐकवण्यापेक्षा इथे एकदाच लिहून टाकते. बेजिंग-शांघायवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी शिआन आणि लुओयांग या दोन जुन्या राजधान्यांपुरतंच लिहिते.

आक्षेप खोटा नाही. चिनी देऊळ लाकडाचं असतं. खांब, तुळया आणि वर कौलं. ते जळतं, कुजतं आणि राजाची मर्जी फिरली की पाडलंही जातं. इ.स. ८४५ मध्ये थांग सम्राट वूत्सुंगने बौद्ध मठांवर वरवंटा फिरवला. ४,६०० मठ पाडले आणि २,६०,०००हून जास्त भिक्षू-भिक्षुणींची चीवरं उतरवून त्यांना करदात्यांच्या यादीत घातलं, असं त्याच्याच फर्मानात लिहिलंय. तेव्हा वय लाकडात शोधू नका. दगड, वीट आणि माती बघा.

शिआन म्हणजे जुनं छांगआन. ज्या तटबंदीवर सगळे भाड्याच्या सायकली फिरवतात ती मिंग काळातली, १३७० च्या दशकातली, घेर साधारण पावणेचौदा किलोमीटर. आत ठोकून ठोकून बसवलेली माती, बाहेरून विटा. पण थांग काळातलं शहर याच्या कितीतरी पट मोठं होतं. आज तटाच्या बरंच बाहेर, दक्षिणेला दिसणारा 'दा यान था' पॅगोडा त्या काळी भर शहरात होता. नकाशावर हे एकदा बघून घ्या, मग शहराचा आवाका डोक्यात शिरतो.

हा पॅगोडा ह्युएन त्संगचा. तो ६४५ मध्ये भारतातून ६५७ ग्रंथ घेऊन परतला. ते आगीपासून वाचावेत म्हणून विटांचा मनोरा हवा असा त्याने आग्रह धरला आणि ६५२ मध्ये बांधकाम सुरू झालं तेव्हा त्याने स्वतः टोपल्या वाहिल्या, असं त्याच्या चरित्रात आहे. तो पहिला मनोरा मातीच्या गाभ्याचा होता, पन्नास वर्षांत ढासळू लागला. मग सम्राज्ञी वू हिने पुन्हा बांधून घेतला. आजची उंची ६४ मीटर. लोक वर चढतात, खिडकीतून फोटो काढतात आणि उतरतात. खरी गंमत तळाशी आहे. पश्चिमेच्या दारावरची दगडी गणेशपट्टी (गणपती नाही तिच्यावर, पण दुसरं काय म्हणू?) नीट बघा. तिच्यावर बारीक रेघांनी एक अख्खं थांगकालीन लाकडी देऊळ कोरलंय. खांब, खांबांवरचे लाकडी हात, छपराची उतरण, मधोमध प्रवचन देणारा बुद्ध. त्या काळातली लाकडी देवळं जवळजवळ सगळी गेली, पण ती दिसायची कशी हे या दगडामुळे कळतं. दक्षिणेच्या दाराशी दोन शिलालेख आहेत, सम्राट थायत्सुंग आणि त्याचा मुलगा काओत्सुंग यांच्या मजकुराचे. अक्षर छू सुइल्यांग या सुलेखनकाराचं, साल ६५३. काचेआड आहेत, थोडं वाकून बघावं लागतं.

शिलालेखांचं वेड असेल तर 'पेइलिन', म्हणजे शिळांचं संग्रहालय, चुकवू नका. १०८७ पासून शिळा इथे आणून ठेवल्यात. कन्फ्युशियन ग्रंथ ८३७ साली ११४ शिळांवर दोन्ही बाजूंनी कोरून ठेवले, म्हणजे नक्कल करणाऱ्यांनी पाठभेद करू नयेत! ७८१ ची एक शिळा ख्रिस्ती धर्म चीनमध्ये कसा आला ते सांगते, खाली सीरियाक लिपीत नावं आहेत. आत कारागीर ठसे घेत असतात. ओला कागद दगडावर चिकटवायचा, ब्रशने ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवायचा, जरा सुकला की शाईच्या गादीने हलके टपटप थोपटायचं. अक्षर पांढरं राहतं, भोवती काळं होतं. तो टपटप आवाज दालनभर घुमतो. मी तिथेच सगळ्यात जास्त वेळ रेंगाळले.

लुओयांगला शिआनहून बुलेट ट्रेनने दीड-दोन तास. तिथलं लोंगमेन म्हणजे या अख्ख्या भागातला मुकुटमणी. ४९३ मध्ये उत्तर वेई राजांनी राजधानी तातोंगहून लुओयांगला हलवली आणि ई नदीच्या काठचा चुनखडीचा डोंगर कोरायला घेतला. गुंफा आणि कोनाडे मिळून २,३००च्या वर, मूर्ती लाखभर. सगळ्यात मोठा वैरोचन बुद्ध १७ मीटरचा, सगळ्यात लहान मूर्ती दोन सेंटिमीटरची. मोठ्या बुद्धाच्या कामाला सम्राज्ञी वू हिने आपल्या शृंगाराच्या खर्चातून वीस हजार माळा नाणी दिल्याचा लेख तिथेच आहे. बुद्धाचा चेहरा तिच्यावरूनच घडवला असं गाइड हमखास सांगतात. त्याला पुरावा नाही, पण ऐकायला बरं वाटतं.

विचारा काय विचारायचं ते.

झणझणीत_मिसळ

वाचनखूण साठवली. पण ताई, शिआनवर एवढं लिहिलंत आणि मातीच्या सैन्याचं नावही नाही? घरच्यांना तेच बघायचंय!

पायपीट

बघाच हो. लिहिलं नाही कारण ते सगळ्यांना माहीतच असतं. १९७४ च्या मार्चमध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना ते सापडलं. खड्डा क्रमांक एक २३० मीटर लांब आहे, तिथे गर्दीत चेंगरायची तयारी ठेवा. माझा सल्ला: आधी तिसरा आणि दुसरा खड्डा, शेवटी पहिला. आणि कांस्याचे दोन रथ सोडू नका, निम्म्या आकाराचे, घोड्यांच्या लगामाची कडी न् कडी वेगळी घडवलेली.

एक लक्षात असू द्या. हे सैन्य म्हणजे समाधीच्या आवाराचा एक भाग. खुद्द चिन शी हुआंगची, म्हणजे चीनच्या पहिल्या सम्राटाची, समाधी जवळच्या मातीच्या टेकाडाखाली आहे आणि ती अजून उघडलेलीच नाही. आत पाऱ्याच्या नद्या केल्यात असं इतिहासकार स-मा छ्येनने राजाच्या मृत्यूनंतर शंभरेक वर्षांनी लिहून ठेवलं होतं, आणि टेकाडाच्या मातीत पाऱ्याचं प्रमाण खरोखरच जास्त निघालं. पुतळ्यांवर मूळचे रंग होते. खणून बाहेर काढलं की रंगाखालचं लाखेचं अस्तर काही मिनिटांतच सुकून गुंडाळतं आणि रंग घेऊन सुटतं. न उघडण्यामागे हेही एक कारण आहे.

स्टेशनबाहेर "चला, सैन्य दाखवतो" म्हणणाऱ्यांच्या गाडीत बसू नका. नकली पुतळ्यांचं प्रदर्शन दाखवून परत आणतात. मेट्रोची ९ नंबरची लाइन आणि पुढे बस, सरळ हिशोब.

अश्मक

उत्तम धागा. ह्युएन त्संगचा विषय निघालाच आहे तर थोडं आपल्या बाजूचं. हा गृहस्थ ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रातही येऊन गेला. तेव्हा इथे चालुक्य दुसरा पुलकेशी राज्य करत होता. इथल्या लोकांबद्दल त्याने लिहिलंय ते वाचून हसूही येतं आणि छातीही फुगते: उंच, साधे, मानी. उपकार विसरत नाहीत, अपमान सोडत नाहीत. सूड घ्यायचा तरी आधी शत्रूला कळवतात, दोघंही शस्त्र घेऊन तयार झाले की मगच भिडतात. हरलेल्या सेनापतीला शिक्षा नाही, फक्त बायकी कपडे पाठवतात, आणि तो लाजेने स्वतःच जीव देतो. लढाईआधी योद्धे मद्य पितात आणि हत्तींनाही पाजतात. उत्तरेचा हर्ष या राज्याला नमवू शकला नाही, हेही त्याने नोंदवलंय.

राज्याच्या पूर्वेला डोंगरात कोरलेल्या एका विहाराचं वर्णन आहे, दारात डावी-उजवीकडे दगडी हत्ती. अभ्यासक ते अजिंठ्याचं मानतात. १६ नंबरच्या लेण्याच्या खालच्या दारात दोन्ही बाजूंना हत्ती आहेतच. तेव्हा शिआनला तो मनोरा बघताना आपल्याकडची एवढी माहिती तरी डोक्यात असू द्यावी.

पायपीट, शिंगच्याओ मठात गेला होतात का? त्याच्या अस्थी तिथे आहेत.

पायपीट

गेले होते. शहराच्या दक्षिणेला, डोंगराच्या उतारावर. विटांचे तीन मनोरे, मधला उंच तो ह्युएन त्संगचा, दोन बाजूंना दोन शिष्य: ख्वेची आणि कोरियातून आलेला वोन्छुक. दा यान थाला पाय ठेवायला जागा नसते आणि इथे मोजून चार माणसं. २०१४ पासून दोन्ही ठिकाणं रेशीममार्गाच्या जागतिक वारशात आहेत. टॅक्सीवाल्याला थांबवून ठेवा, परतीची गाडी मिळायला वेळ लागतो.

तिरकस

लेख चांगला, पण दोन खडे टाकतो.

एक. आपण मंडळी परदेशात गेलो की "आपलं" काय आहे तेच हुंगत फिरतो. चिनी माणसाच्या लेखी पवित्र काय ते बघायचं तर थायशान चढा. १,५४५ मीटर, साडेसहा हजारांच्या वर पायऱ्या. सम्राट तिथे जाऊन आकाशाला आपल्या राज्याचा हिशोब द्यायचे. आजही चिनी आजीबाई काठी टेकत वर जातात ते बिश्या युआनच्युन देवीसाठी, बुद्धासाठी नव्हे. किंवा छ्युफूला जा, कन्फ्युशियसच्या गावी. त्याच्या कुळाचं कब्रस्तान बघा, एक लाखाच्या वर थडगी, अडीच हजार वर्षं एकाच घराण्याची. १९६६ मध्ये माओच्या रेड गार्ड्सनी तिथे धुमाकूळ घातला, तरी ते उभं आहे. बेजिंगचं स्वर्गमंदिर तर पर्यटकही बघतात, पण मधलं गोल दालन १८८९ मध्ये वीज पडून जळालं आणि नंतर पुन्हा उभारलं, हे किती जणांना ठाऊक असतं? त्याने काही बिघडलं का?

दोन. "लाकडात वय शोधू नका" हे फार सरसकट झालं. वूथायशानजवळ फोक्वांग मठाचं पूर्व दालन आहे, इ.स. ८५७ चं, अस्सल लाकडी. जपानी अभ्यासक म्हणायचे की थांग काळातलं लाकूडकाम चीनमध्ये उरलेलंच नाही, बघायचं तर जपानमधल्या नाराला या. १९३७ मध्ये ल्यांग स-छंग आणि लिन ह्वेयिन हे नवरा-बायको वास्तुतज्ज्ञ खेचरांवर बसून तिथे पोचले. माळ्यावर वटवाघळं आणि शतकांची धूळ. तुळईवर पुसट शाईतली अक्षरं पहिल्यांदा लिनला दिसली. दान देणाऱ्या बाईचं नाव तुळईवर होतं आणि तेच बाहेरच्या ८५७ च्या दगडी स्तंभावरही. तारीख पक्की झाली. नानछान मठ तर त्याहून जुना, ७८२ चा. बोला!

पायपीट

तिरकसराव, फोक्वांग मान्य. आडबाजूला होतं म्हणून वाचलं, आणि तेही ८४५ च्या मोडतोडीनंतर पुन्हा बांधलेलं. पण तुमच्याच गोष्टीत तारीख पक्की कशाने झाली? बाहेरच्या दगडी स्तंभाने. माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात. हलके घ्या.

थायशानबद्दल मात्र शंभर टक्के सहमत. आणि "आपलं" हुंगण्याबद्दलही थोडी सहमत. लोंगमेनमध्ये हेच दिसतं. आधीच्या, म्हणजे सहाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मूर्ती लांब चेहऱ्याच्या, सडपातळ, अंगावर चिनी दरबारी झगे. थांग काळात येता येता त्या भरीव, गोल होतात. अजिंठा-वेरूळ डोळ्यासमोर ठेवून गेलात तर हा बदल निसटतो. शेकडो मूर्तींची डोकी नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कापून विकली गेली. पिनयांग गुंफेच्या भिंतीवर सम्राट आणि सम्राज्ञीच्या मिरवणुकीचे दोन पट होते. सम्राटाचा आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटनमध्ये आहे, सम्राज्ञीचा कॅन्सस सिटीच्या नेल्सन-ॲटकिन्समध्ये. गुंफेत त्या जागी छिन्नीने खरवडलेली भिंत दिसते. मला ती भिंतच जास्त लक्षात राहिली.

नवखा_प्रवासी

शिआनकडच्या फामेन मठाचं कुणी सांगेल का? टूरवाले त्यावर फार जोर देताहेत. बुद्धाचं बोट आहे म्हणे.

तिरकस

आहे, आणि त्याच्या डोक्यावर १४८ मीटरचं काँक्रीटही आहे. २००९ ची इमारत, जोडलेल्या हातांच्या आकाराची. मला तरी ती अजिबात भावली नाही.

पायपीट

इमारतीकडे दुर्लक्ष करा, पण तळघराची गोष्ट भारी आहे. मिंग काळातला विटांचा मनोरा १९८१ मध्ये पावसात उभा चिरला आणि अर्धा कोसळला. १९८७ मध्ये पाया साफ करताना खाली दगडी तळघर सापडलं, ८७४ साली बंद केलेलं. आत सोन्याचांदीची भांडी, रेशीम आणि बोटाच्या हाडाचे चार अवशेष. आणि काय काय ठेवलंय याची दगडावर कोरलेली पूर्ण यादी! त्या यादीमुळेच 'मीस' नावाची जी चिनीमाती नुसती कवितांमध्ये वाचायला मिळायची ती नेमकी कुठली, हे कळलं. याच अवशेषाची मिरवणूक राजधानीत आणू नका, असं ८१९ मध्ये हान यू या विद्वानाने सम्राटाला खरमरीत पत्र लिहून सांगितलं होतं. मरता मरता वाचला आणि दूर दक्षिणेत हद्दपार झाला.

तिथे संग्रहालयाला वेळ द्या. बाहेरच्या लांबच लांब नव्या रस्त्यावरून इलेक्ट्रिक गाडीने गेलात तरी काही गमावणार नाही.

बिनकांद्याची

माझा नेहमीचा प्रश्न. खायचं काय? आम्ही कांदा-लसूणही खात नाही.

पायपीट

तुमचीच सोय सगळ्यात चांगली आहे. मठांच्या भोजनशाळांमधलं शाकाहारी जेवण कांदा-लसणाशिवायच असतं, त्यांच्याकडेही ते वर्ज्य. बाहेर मात्र "वो छ सू" (मी शाकाहारी आहे) एवढं फोनवर चिनी अक्षरांत लिहून ठेवा, आणि चरबी व मांसाचं पाणीही नको हे वेगळं सांगा. नुसतं "मांस नको" म्हटलं तर वरचे तुकडे काढून देतात. शिआनची ल्यांगफी, म्हणजे थंड शेवया, तिखट तेल घालून, मस्त. मुस्लिम पेठेतले पर्सिमन या फळाचे तळलेले गोड वडे गरम असतानाच खा.

झणझणीत_मिसळ

त्याच पेठेतली मशीद बघितलीत का?

पायपीट

अवश्य जा. बाहेर एवढा कालवा आणि आत एकामागून एक शांत चौक. घुमट नाही, उंच मिनार नाही, चिनी कौलारू मंडप. आजचं बांधकाम मुख्यतः मिंग काळातलं. चिनी देवळं दक्षिणेकडे तोंड करून असतात, ही मात्र पूर्व-पश्चिम, कारण मक्का पश्चिमेला. नमाजाच्या दालनात मुस्लिमेतरांना प्रवेश नाही, उंबऱ्यातून बघता येतं.

उंबऱ्यावरून आठवलं: कुठल्याही चिनी देवळात उंबऱ्यावर पाय देऊ नका, ओलांडून जा. बऱ्याच देवळांत दारातच उदबत्तीच्या तीन काड्या फुकट मिळतात. आतल्या मूर्तींचे फोटो काढू नयेत.

भीमाकाठ

सोलापूरहून लिहितोय, त्यामुळे राहवलं नाही. बेजिंगहून सव्वा-दीड तासावर शिज्याच्वांग आहे. तिथल्या हुतात्मा स्मशानभूमीत आमच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी आहे. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक, नागपूरचे डॉ. चोळकर त्यातलेच. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या ३२व्या वर्षी, गेले. सोलापुरातल्या त्यांच्या घरातही स्मारक आहे. चीनमध्ये ते 'ख तिहुआ' म्हणून ओळखले जातात. हे नाव टॅक्सीवाल्याला चिनीत दाखवा. धर्मस्थळ नाही, पण आमच्यासाठी तीर्थच.

अश्मक

भीमाकाठ, +१. आणि तिथवर जाणाऱ्यांनी शेजारच्या चंगतिंगला लोंगशिंग मठ बघावा. ९७१ मध्ये ओतलेली अवलोकितेश्वराची, म्हणजे क्वानयिनची, २१ मीटर उंच कांस्यमूर्ती. दोन्ही एका दिवसात होतं.

लुओयांगच्या श्वेताश्व मठाबद्दल कुणीच बोललं नाही. इ.स. ६८ मध्ये स्थापलेला, चीनमधला पहिला बौद्ध मठ अशी परंपरा. कश्यप मातंग आणि धर्मरत्न या दोन भारतीय भिक्षूंच्या समाध्या आवारात आहेत. शेजारी भारताने बांधून दिलेलं सांचीच्या धर्तीचं देऊळ आहे, २०१० मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते उद्घाटन झालेलं.

नवखा_प्रवासी

मनःपूर्वक आभार. शेवटचं: पैसे, तिकिटं आणि महिना कुठला?

पायपीट

अलिपे किंवा वीचॅट निघण्याआधीच चालू करून, दोन वेगवेगळी कार्डं जोडून ठेवा. भाजीवालाही क्यूआरच पुढे करतो. गूगल तिथे चालत नाही, नकाशासाठी आमॅप घ्या. रेल्वे आणि संग्रहालयं, सगळी तिकिटं पासपोर्ट क्रमांकावर असतात, त्यामुळे मूळ पासपोर्ट रोज खिशात हवा. शिआनच्या शान्शी इतिहास संग्रहालयाचं आरक्षण खुलं होताच संपतं, त्यासाठी गजर लावा.

१ ते ७ ऑक्टोबर आणि चिनी नववर्ष टाळा, अख्खा देश रस्त्यावर असतो. एप्रिलमध्ये लुओयांगला पिओनी फुलांचा उत्सव, फुलं सुंदर पण हॉटेलं महाग. सप्टेंबरचा मध्य किंवा ऑक्टोबरचा शेवट बरा. लोंगमेनला सकाळी दार उघडतानाच पोचा. मोठा बुद्ध पूर्वाभिमुख आहे, दुपारनंतर ऊन त्याच्या पाठीमागे जातं. आधी पश्चिमेचा डोंगर करा, मग पुलावरून नदी ओलांडून पूर्वेला. समोरच्या काठावरून सगळ्या गुंफा एका नजरेत येतात, आणि तिकडेच पाय च्युई या कवीची समाधी आहे. त्या बाजूला बसायला बाकं आहेत, चहा मिळतो.